डाव्या दरवाजावरचा हात

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. भावाला सांगितली नाही, मुलाला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे उभा राहिलो की मी नेमकं दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? पता नाही. बहुतेक नसतंच.

ऐसा है भिया, माझं तोंड तसं फार चालतं. इंदूरच्या मल्हारगंजात लोक म्हणायचे, वामन रंगारी बोलायला लागला की हातातला ब्रश वाळून जातो. पण या एका बाबतीत मी गप्प राहिलो, आणि जिथे गप्प राहता येईना तिथे दोन शब्द बोललो. फक्त दोन. सगळी गोष्ट त्या दोन शब्दांची आहे. पण ते असे एकदम सांगता येत नाहीत — आधी मोटार सांगावी लागेल, मोटारीच्या आधी रंग, आणि रंगाच्या आधी आमचे अण्णा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, संस्थानाच्या बग्गीखान्यात रंगाचं काम करायचे. बग्गीच्या दरवाजावर राजचिन्ह असायचं, सोनेरी, बारीक कामाचं. बग्गी नव्याने रंगवायची झाली तरी ते चिन्ह पुन्हा काढायचं नसे. जुनं तसंच ठेवायचं आणि बाकीचं सगळं नवं करायचं. त्यासाठी अण्णांची एक रीत होती. पतंगाचा पातळ कागद घ्यायचा, गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, आणि तो कागद चिन्हावर घट्ट चिकटवून टाकायचा. मग खुशाल घासा, रंग मारा, काही करा. शेवटी ओल्या फडक्याने कागद भिजवला की तो साय निघावी तसा अलगद निघायचा, आणि खाली चिन्ह जसंच्या तसं. मी लहानपणी ते बघायला मुद्दाम जात असे. मला ती जादू वाटायची.

पुढे संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. सहा महिने राजधानी ग्वाल्हेरला, सहा महिने आमच्याकडे. उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या फायली गाडीत बसून इंदूरला यायच्या आणि थंडीत परत जायच्या. बग्ग्या कुठे गेल्या ते विचारू नका. अण्णाही गेले. मी मल्हारगंजात पत्र्याची एक शेड घेतली, हवेचा पंप आणला आणि मोटारी रंगवायला लागलो. त्या काळात काम भरपूर होतं, पण सगळं फालतू. लॉऱ्या, टांग्यांचे मडगार्ड, कुणा सरकारी साहेबाची काळी मोटार पुन्हा काळी करायची. अण्णांचं नाव ज्यात दिसेल असं एक काम माझ्या हातून झालं नव्हतं.

आणि मग आबासाहेबांची मोटार आली.

आबासाहेब संस्थानाच्या फौजेत कॅप्टन होते. फौज मोडली, पण हे रोज सकाळी अंगात बटणांचा कोट घालूनच बाहेर यायचे. स्नेहलतागंजात त्यांची बंगली होती. घरात ते आणि एक जुना नोकर, बस. बाईसाहेब जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आणि ही मोटार. दोनच सीटांची, वर टप नाही, पुढचं नाक लांबलचक, विलायतेहून आलेली. रंग गर्द हिरवा, जवळजवळ काळ्याकडे जाणारा. राजवाड्यासमोरून ती गेली की दुकानदार माप हातात धरून बघत राहायचे. पण आता तिची रया गेली होती. रंग पांढुरका पडलेला, मडगार्डच्या कडेला गंजाचे फोड.

ते तीन वेळा नुसतं विचारायला आले. रंगवू की राहू देऊ? माणूस लढाईवर जाऊन आलेला, पण एवढ्या एका गोष्टीचा निर्णय त्यांना होईना. म्हणायचे, "वामनराव, हा रंग तिने बघितलेला आहे." तिने म्हणजे बाईसाहेबांनी.

आता कामातली गोष्ट सांगतो. मोटारीला तिचा मूळ रंग एकदाच लागतो. नंतर कितीही हुशार कारागिराने रंगवली तरी तो रंग दुसरा. खालचा पत्रा धड आहे तोवर मूळ रंगाला हात लावू नये. गंजाचे डाग तेवढे खरवडावे, त्यांनाच अस्तराचा रंग मारावा, वर थोडं मेण फिरवावं आणि सोडून द्यावी. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी काय सांगितलं? म्हटलं, "आबासाहेब, आतून सडतेय. दोन पावसाळे काढणार नाही." का? मला ते काम हवं होतं म्हणून. दसऱ्याला ती मोटार नव्या रंगात राजवाड्यासमोरून जावी आणि लोकांनी विचारावं, कुणी रंगवली भिया? एवढ्यासाठी. बघा, सुरुवातच खोटी आहे.

ते तयार झाले, पण एका अटीवर. त्यांनी मला मोटारीच्या डाव्या बाजूला नेलं आणि दरवाजा दाखवला. दरवाजावर एक हात होता.

घाबरू नका. पंजा होता — शेंदराचा. बाईसाहेब दर दसऱ्याला मोटारीची पूजा करायच्या आणि आपल्या बसायच्या बाजूला हाताचा पंजा उमटवायच्या. नुसतं कुंकू झडून जातं म्हणून त्या वर्षी त्यांनी शेंदूर तेलात कालवला. दुसऱ्या दिवशी पुसायचा राहिला, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांना ताप भरला. दिवाळीच्या आत त्या गेल्या. नंतर तो पंजा कोण पुसणार? शेंदूर आणि तेल रंगात मुरत गेलं, आणि चार वर्षांत वरचं लाल उडून रंगातच एक हात खोल उतरला. तपकिरी, पाचही बोटं स्पष्ट.

आबासाहेब म्हणाले, "बाकी सगळी तुमची. एवढा हात तसाच राहिला पाहिजे."

मी हसलो. म्हटलं, काळजीच सोडा, हे तर आमच्या घरचं काम आहे. अण्णांनी अशी राजचिन्हं आयुष्यभर सांभाळली. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मोटार सोडून गेले.

नेमका पितृपक्ष लागला होता. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत नव्या कामाला हात घालत नाहीत, म्हणून मोटार शेडमध्ये नुसती उभी राहिली. अविधवा नवमीला आबासाहेबांकडे बाईसाहेबांचं श्राद्ध झालं. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. गेलेलीच्या नावाने एका जित्या सवाष्णीला पानावर बसवून जेवू घालतात. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्या डोक्यात आलं होतं हे. आणि आणखी एक. पंधरा दिवसांत मोटारीवर धुळीचा थर बसला — शेड रस्त्यावरच होती. पण त्या हातावर धूळ बसली नाही. तेलकट जागेवर उलट जास्त बसायला पाहिजे ना? मी दोनदा बोट फिरवून पाहिलं. स्वच्छ.

घटस्थापनेला काम सुरू केलं. दसऱ्याला नऊ दिवस, म्हणजे घाईच. खळ शिजवली, पतंगाचा कागद चिकटवला, तळव्याने दाबून बसवला. मग जुना रंग उतरवला, खाचखळगे बुजवायची लांबी भरली, घासली, अस्तर मारलं, रंगाचे हात दिले. खरं बोलतो, असं काम मी परत कधी केलं नाही. आठव्या दिवशी रंग मारून झाल्यावर ओलं फडकं घेतलं, कागद भिजवला आणि कोपऱ्यातून ओढला.

अलगद निघाला. हातासकट.

अण्णांची राजचिन्हं कडक वार्निशवर होती. हा हात तेलाने पोखरलेल्या रंगावर होता. खळ वाळताना आवळते, आणि आवळताना तिने खालचा सैल झालेला रंग उचलून घेतला. ही गोष्ट आज कुणीही नवखा सांगेल. मला का नाही सुचली? अण्णांची रीत म्हटल्यावर मी डोकं बाजूला ठेवलं होतं. कागदाच्या मागे तो पंजा होता, उलटा, डाव्या हाताचा वाटणारा. मी तो परत दरवाजावर बसवायला गेलो तर त्याचा भुगा झाला. रंग मारायच्या आधी धूळ बसावी म्हणून आम्ही शेडमध्ये पाणी शिंपडतो. त्या ओल्या जमिनीवर तो भुगा पडला आणि मोरीकडे वाहून गेला. दरवाजावर उघड्या पत्र्याचा एक चट्टा राहिला, वीतभर.

तेव्हाच जाऊन सांगायचं होतं. स्नेहलतागंज काही लांब नाही. "आबासाहेब, चूक झाली." रडले असते, शिव्या दिल्या असत्या, कदाचित दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या. सगळं रास्तच होतं. पण मी गेलो नाही. मी तिथेच पिंपावर बसून राहिलो आणि माझ्या मनात आलं — हातच पाहिजे ना?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या हत्यारांची पूजा. कमल, माझी बायको, दरवर्षी ताट घेऊन शेडमध्ये यायची. पंप, ब्रश, पत्रे, सगळ्यांना हळदीकुंकू लावायची. अंगाने बारीक, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल. आणि हात कायम गरम. थंडीत शेजारणी थट्टेने म्हणायच्या, कमल, जरा हात दे, शेकू. त्या सकाळी मी ती वीतभर जागा जुन्या रंगासारखा रंग जुळवून भरून ठेवली होती. तो अजून पुरता वाळला नव्हता. मुद्दामच. तेलात शेंदूर कालवून ठेवला होता.

मी तिला म्हटलं, या मोटारीचीपण पूजा कर, इथे पंजा उठव. तिने विचारलं, इथेच का? म्हटलं, गिऱ्हाइकाची पद्धत आहे. तिने हात शेंदरात बुडवला आणि ठेवला. मी तिचं मनगट धरून दाबलं. ती हसत होती. म्हणाली, "अहो, सोडा, चिकटला." मी सोडलं नाही. रंगात रेषा उतरायला हव्या होत्या. मी मनात मोजत होतो आणि ती हसायची थांबली. शेवटी मी मनगट सोडलं तेव्हा हात सुटताना एक आवाज आला, ओल्या चिखलातून पाय निघताना येतो तसा. तिने हात पदराला पुसला आणि माझ्याकडे एकदा बघून ताट उचललं.

त्या वेळी मी मनाला काय समजावत होतो, सांगू? श्राद्धाला गेलेलीच्या जागी जिती सवाष्ण बसवतातच ना. तिच्या नावाचं जेवण ही जेवते. मग तिच्या नावाचा हात हिने दिला तर काय बिघडलं? पण पानावर बसवतात त्या बाईला सांगून, मान देऊन, ओटी भरून बसवतात. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

दुपारभर राखेने आणि काचकागदाने घासून मी तो पंजा जुना केला. चार वर्षं एका दुपारीत. दसऱ्याच्या सकाळी आबासाहेब आले. नव्या रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ डाव्या बाजूला गेले, वाकले आणि पंजावर आपला पंजा ठेवला. बराच वेळ. मग म्हणाले, "आज गरम लागतोय."

म्हटलं, उन्हाने असेल. मोटार सावलीत होती.

ती राजवाड्यासमोरून गेली. लोकांनी विचारलं, कुणी रंगवली. मला हवं ते मिळालं.

दिवाळीनंतर कमलचं सुरू झालं. सकाळी दूधवाला येऊन गेला की ती करत असलेलं काम थांबवायची. कणीक मळत असली तर उजवा हात परातीतून काढून नुसती उभी राहायची, हात थोडा पुढे. जरा वेळाने परत कामाला लागायची. आधी तिने हसण्यावारी नेलं. म्हणाली, "काय बाई, कुणीतरी हात धरतं. रोज. वेळेवर." मग हसणं कमी झालं. तिने दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिलं, हात पदरात गुंडाळून पाहिला, त्या वेळी तुळशीपाशी जाऊन बसली. काही फरक नाही. वैद्याने नाडी बघून ताकदीचं चाटण दिलं.

मला संशय होता का? नव्हता असं म्हणायचं आहे, पण होता. म्हणून तर एक दिवस रंगाला मेण फिरवायच्या निमित्ताने मी सकाळीच बंगलीवर गेलो. मी पोचलो तेव्हा नोकराने मोटारीवरचं कापड नुकतंच काढलं होतं. आबासाहेब कोट घालून दरवाजापाशी उभे होते आणि पंजावर पंजा ठेवून बोलत होते. कोण वारलं, कुणाची बदली झाली, यंदा फायली लवकर ग्वाल्हेरला गेल्या. अगदी घरातलं बोलणं. मला बघून ते लाजले नाहीत. म्हणाले, "तुम्हीपण लावा वामनराव. तुमच्यामुळे राहिलाय."

नाही कसं म्हणणार? मी हात ठेवला. गरम होता. कडाक्याची थंडी होती, बॉनेटवर दव होतं, आणि तो हात गरम होता. आणि — हे कसं सांगू — खालून थोडा दाब आला. कुणी हात धरला की आपण उलट दाबतो तेवढाच. मनाचा खेळ म्हणा. मी आयुष्यभर तेच म्हणत आलो.

घरी आलो. कमल ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मागे न बघता म्हणाली, "आज दोघं होते."

मी चपला काढत होतो. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या बोटांना भेगा होत्या."

माझी बोटं बघा. थिनरने फुटलेली आहेत, तेव्हापासून. मी ती हळूच खिशात घातली. तेव्हा ती वळली आणि सरळ विचारलं — नवमीला त्या मोटारीवर हात ठेवायला लावलात तेव्हापासून हे आहे, कुणाची मोटार होती ती? तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही. एवढंच. आणि ते मीच सांगू शकत होतो, जगात दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, "अगं, ती केव्हाच भंगारात गेली."

तिने मान हलवली. विश्वास ठेवला. चौदा वर्षांची लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यावर विश्वास ठेवत आली होती.

त्यानंतर ती बदलत गेली. कुणाकडे हळदीकुंकवाला जाईना. म्हणायची, हा हात काही चांगला नाही, सवाष्णीच्या कपाळाला कसा लावू? माझ्या बहिणीला मुलगी झाली. बारशाला सगळ्या बायकांनी बाळ मांडीवर घेतलं, हिने घेतलं नाही. उजवा हात पदराखाली धरून कोपऱ्यात बसून राहिली. बहीण मला म्हणाली, वहिनी असं काय करते, माझ्या मुलीचा तिला विटाळ होतो का? मी म्हटलं, तिचा स्वभावच तसा झालाय. हेही मीच म्हटलं. जिचा आवाज गल्लीभर ऐकू जायचा ती बाई घरात कुजबुजत बोलायला लागली. आणि मी रोज शेडमध्ये जाऊन लोकांच्या मोटारी चकचकीत करत होतो.

दोन वर्षं. दोन वर्षं रोज सकाळी परका पुरुष माझ्या बायकोचा हात धरत होता, त्याला माहीत नव्हतं, तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

पण त्याला माहीत नव्हतं हे चूकच.

तिसऱ्या दसऱ्याच्या आधी आबासाहेबांनी निरोप पाठवला. खालावले होते, खुर्ची मोटारीशेजारी टाकून बसलेले. अंगात कोट होताच. मला समोर बसवलं आणि म्हणाले, बाईसाहेबांच्या अनामिकेवर लहानपणी भाजल्याचा वण होता, तिथली रेघ तुटलेली असायची. या हाताची रेघ सलग आहे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, वामनराव.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, बोललो असतो तर तोही गेला असता. आणि तिचे हात नेहमी गार असायचे वामनराव. हा गरम होता. मला सवय झाली.

मग ते सावरून बसले. "एकच विचारतो. हा हात कुणाचा आहे? जिती बाई असेल तर मी तिच्या दारात येऊन नमस्कार करीन, तिची क्षमा मागीन, तिला सगळं सांगीन. मग ती म्हणेल तसं. ती म्हणाली ठेवा, तर जन्मभर ठेवीन. ती म्हणाली पुसा, तर तिच्यासमोर पुसू. पण कुणाचाच नसेल, तुम्ही काहीतरी कारागिरी केली असेल, तर मला तो नको. दरवाजा रंगवून टाका."

समजलं ना भिया? त्यांनी सगळं उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं होतं. मला कबूलही करायचं नव्हतं, फक्त एक नाव घ्यायचं होतं. मग आबासाहेब आमच्या दारात आले असते. कमलला कळलं असतं की ती वेडी नाही, तिचा हात वाईट नाही, तो एका एकट्या माणसाने आदराने धरलेला आहे. ती माझ्यावर भडकली असती, माहेरी गेली असती, काहीही. पण तिचा हात तिचा राहिला असता. आणि मला काय दिसलं? मल्हारगंजातली माणसं. वामनने आपल्या बायकोचा हात दुसऱ्याच्या मोटारीला लावून दिला, असं पानाच्या दुकानावर म्हणणारी. मला माझं तोंड दिसलं, बस.

मी म्हटलं, "कुणाचाच नाही."

हे ते दोन शब्द.

आबासाहेबांनी मान हलवली, अगदी कमलने हलवली होती तशी, आणि म्हणाले, मग रंगवून टाका.

मी मोटार शेडमध्ये आणली. सकाळची वेळ होती, दूधवाल्याची. पाणी शिंपडलं, काचकागद घेतला आणि घासायला लागलो. आधी करंगळी गेली, मग एकेक बोट. तळव्याच्या मध्यावर आलो तेव्हा कागद गरम झाला. घासताना होतोच. माझे डोळे वाहत होते आणि मी घासत होतो. थांबलो असतो तरी चाललं असतं, कुणी माझं मनगट धरलेलं नव्हतं. पत्रा दिसेपर्यंत घासलं. अस्तर, रंग, दुसरा हात, तिसरा हात. संध्याकाळी दरवाजा असा झाला की तिथे कधी काही होतं हे अण्णांनासुद्धा सांगता आलं नसतं.

घरी गेलो तर दारातच जळका वास आला. कमल पोळ्या करत होती. उजवा हात तव्यावर टेकलेला, आणि ती माझ्याकडे बघत होती, चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा. म्हणाली, आज सकाळपासून बरं वाटतंय, कुणी धरत नाही. मी धावत जाऊन तिचा हात ओढून काढला. कातडी तव्याला राहिली होती. तिला कळलं नव्हतं.

पुढे जखम भरली, हात वापरात आला. पण त्याला गार-गरम कळलं नाही, मऊ-कठीण कळलं नाही. डोळ्यांनी बघून ती वस्तू धरायची. सुई नाही, विस्तव नाही. डॉक्टर म्हणाले, शीर मेली. मी म्हटलं, हो, शीर मेली असणार. आबासाहेब त्याच थंडीत गेले. मोटार रतलामकडे कुणीतरी नेली, पुढचं माहीत नाही. मध्य भारतही गेला, ग्वाल्हेरच्या फायली भोपाळला गेल्या. लोक मला अजून विचारायला येतात, जुनी मोटार आहे, रंगवू की मूळ रंग ठेवू? मी कामाचं तेवढं सांगतो.

कमल गेली त्याला आता सहा वर्षं झाली. हॉस्पिटलात, दुपारी, जेवणाच्या वेळी. मुलगा डबा आणायला गेला होता. आम्ही दोघंच होतो. ती वर छताकडे बघत होती. मी खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला घेतली होती आणि तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला होता, तासाभरापासून. आता सांगतो, आता सांगतो, असं चाललं होतं माझं.

ती हळूच म्हणाली, "अहो, तिकडे का बसलात? माझा हात धरा ना."

मी धरलेलाच होता.